सॉफ्टवेअर आलं आणि सारंगी वाजली

आमच्या श्रीवर्धन तालुक्यातल्या छोट्या रेडिओ केंद्रावर सकाळी कोणती गाणी लागणार, हे बरीच वर्षं माझ्या नवऱ्याच्या गुडघ्यावर अवलंबून होतं. केंद्र एका संस्थेचं. त्याची व्यवस्था माझ्याकडे, आणि एसटीतून निवृत्त झाल्यापासून हे सकाळी येऊन माइकवर 'नमस्कार मंडळी' म्हणायचे आणि गाणी लावत बसायचे. गुडघा दुखत असला की भजनं. खिडकीतून मासळीच्या टोपल्या घेऊन बाया चढणीला लागलेल्या दिसल्या की कोळीगीतं. आणि घरात माझ्याशी वाजलं असेल तर हळदीची, मुलगी सासरी निघाल्याची रडवी गाणी, एकामागून एक. बोर्लीच्या बाजारात मांदेलीचा वाटा पिशवीत ओतताना एक कोळीण मला म्हणाली होती, "काय वयनी, काल जोरात झाली वाटतं घरात? सकालपासून पोरगी सासरला चाललेली रेडिओवर!"

मी त्याच दिवशी ठरवलं. गाणी ठरवायला सॉफ्टवेअर आणायचं.

चौकशी केल्यावर दोन पर्याय पुढे आले. एक अगदी साधं होतं. दिवसाचे तुकडे पाडायचे, इथे भक्तिगीतं, इथे शेतीची माहिती, इथे गाणी, आणि काही जागा मोकळ्या ठेवायच्या. दुसरं बेलापूरहून एक तरुण घेऊन आला. चकचकीत बूट, गळ्यात पट्टा. त्याचं सॉफ्टवेअर गाण्याचा मूड ओळखायचं, एकच गायक लागोपाठ येऊ द्यायचं नाही आणि म्हणे श्रोत्याला कंटाळाही येऊ द्यायचं नाही.

"मॅडम, टेन्शनच नाय. एकदम ऑटोमॅटिक," तो म्हणाला. "अंकलना फक्त रिलॅक्स करायचंय."

"रिलॅक्स मी निवृत्त झालो तेव्हाच झालो," हे म्हणाले. "आता मला काम करायचंय."

तो बिचारा हसला. मला मात्र ते चकचकीत सॉफ्टवेअर आवडलं होतं. खरं सांगायचं तर त्यातला रंगीत तक्ता आवडला होता. मी ते चाचणीसाठी ठेवून घेतलं आणि सगळ्या गाण्यांची माहिती भरायचं काम ह्यांच्याकडे दिलं. सिनेमातली गाणी लावायला परवानग्या लागतात, त्यामुळे आमच्याकडे बहुतेक सगळी गाणी आम्हीच गावोगावी जाऊन ध्वनिमुद्रित केलेली. ह्यांनी ती माहिती निमूटपणे भरली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, निमूटपणे असं ह्यांनी काहीही केलेलं नाही.

चाचणीच्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "चला, निघू या."

"मी कशाला येऊ? मशीन आहे ना," हे म्हणाले. चहाही अर्धाच प्यायले. रुसलेत, असं समजून मी एकटीच निघाले.

केंद्रावर जाऊन सॉफ्टवेअर चालू केलं. पहिलं गाणं छान लागलं. मग मी एका अंगणवाडीताईंची मुलाखत घ्यायला ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेले. तिथे बाहेरचा आवाज येत नाही आणि फोनही आम्ही बाहेर ठेवतो. मुलाखत रंगली. मुलांना वरणभात कसा भरवायचा यावर ताई बोलायला लागल्या की थांबत नाहीत.

बाहेर आले तर सारंगी वाजत होती. संथ, काळीज कापत जाणारी. ती संपली आणि पुन्हा तीच सुरू झाली. फोनवर न उचललेल्या फोनांची रांग लागली होती. तेवढ्यात तो पुन्हा वाजला. मांदेलीवाली कोळीण होती. रडत होती.

"वयनी, कवा झालं गो? काल तर बाजारात बघितलं त्यांना..."

"कुणाचं काय झालं?"

"आता माज्यापासून काय लपवतंस? सकालपासून त्यांचा आवाज न्हाय, आनि ह्ये असलं वाजतंय..."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोठा माणूस गेला की रेडिओवर असंच वाजतं, हे आमच्या पंचक्रोशीत सगळ्यांना पाठ आहे. त्यात रोजचं 'नमस्कार मंडळी' झालं नव्हतं. लोक गणित मांडून मोकळेही झाले होते.

आधी मला हसू आलं. ह्यांना सांगावं म्हणून फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. आणि एकदम तो अर्धा राहिलेला चहा आठवला. रुसवाच होता ना तो? का बरं वाटत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही?

सारंगी तशीच वाजत ठेवून मी स्कूटरवर बसले. बाजारात शिंप्याचं शटर अर्धं ओढलेलं. मला बघून चहावाल्यानं डोक्यावरची टोपी काढली. घराच्या वळणावर आले. आमच्या पायरीखाली चपलाच चपला.

मी स्कूटर तशीच टाकून धावले. आतून आवाज आला, "अहो, घ्या ना, आलं घातलंय."

हे बनियनवर, हातात ट्रे घेऊन उभे. सांत्वनाला आलेल्या माणसांना चहा देत होते. माझ्या काचेच्या कपाटातले, पाहुण्यांनाही मी काढत नाही ते कपसुद्धा बाहेर आले होते.

"फोन का उचलत नाही?" मी ओरडलेच.

"मागे वाडीत सुपाऱ्या गोळा करत होतो. येऊन बघतो तर ही मंडळी. मी विचारलं, कोण गेलं? तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले."

लोक हसले. मी पायरीवर बसले आणि मला रडूच फुटलं. मंडळी भराभर चपला शोधायला लागली. सगळे गेल्यावर हे शेजारी येऊन बसले. हळूच म्हणाले, "इतकी माणसं येतील असं वाटलं नव्हतं मला."

बोलण्यात दुःख कमी आणि समाधान जास्त होतं.

केंद्रावर जाऊन त्यांनी माइक सुरू केला. "नमस्कार मंडळी. मी आहे. ज्यांचा चहा राहिला त्यांनी संध्याकाळी यावं." मग मी बेलापूरला फोन लावला. त्या तरुणानं तिकडून तपासलं आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या सगळ्या गाण्यांना एकच सिंगर कसा?"

मी पडद्यावर बघितलं. गायकाच्या रकान्यात ह्यांनी प्रत्येक गाण्याला एकच शब्द लिहिला होता: गावकरी. एका गाण्यानंतर पुन्हा तोच गायक नको, मध्ये नुसती वाद्यं वाजली तरी, हा सॉफ्टवेअरचा नियम. त्यामुळे एक गाणं लावून त्याच्याकडची गाणीच संपली, आणि गाणं नसेल तर वाजावी म्हणून अडचणीला ठेवलेली सारंगी ते वाजवत बसलं.

"मग काय चुकलं?" हे म्हणाले. "गायलं अख्ख्या गावानं. मी एकाचं नाव कसं लिहू?"

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण ते खरंही होतं आणि खोडसाळपणाही होता. आम्ही साधं सॉफ्टवेअर घेतलं. सकाळच्या मोकळ्या जागा ह्यांच्या. बाकीचा दिवस संगणकाचा. गायकांच्या जागी मी प्रत्येक वाडीचं, पाड्याचं नाव भरून घेतलं, आणि ते भरताना हळदीचं गाणं आनंदाचं की दुःखाचं यावर आमचं दोन दिवस वाजलं. शेवटी एका मोकळ्या जागेत ते टाकलं.

आता केंद्र बघायला कुणी आलं की हे त्यांना संगणकासमोर बसवतात, चष्मा पुसतात आणि 'आपलं सॉफ्टवेअर' कसं निवडलं ते सविस्तर सांगतात. कोणत्या बाबींचा विचार केला, दुसऱ्यात काय उणीव होती, सगळं. माझी ओळख करून द्यायची मात्र राहून जाते.