माझं पाणी, त्याचे मासे

"माझं पाणी आहे ते, माझं!" बांधावरून मी असा ओरडलो की लांब अळणावरच्या स्टेशनात गाडीसुद्धा थबकली असेल.

"मग नाव लिहून सोडा की अण्णा!" माझा शेजारी आपल्या तळ्यात माशांना खाद्य टाकत म्हणाला.

माझ्या उसातलं जास्तीचं पाणी चरीतून त्याच्या रानात उतरायचं. त्यावरून तो वर्षानुवर्षं कुरकुरायचा आणि मी हसायचो. शेवटी त्यानं तिथंच तळं खणलं, तेच पाणी त्यात घेतलं आणि मासे सोडले. आता त्याचा एकेक कटला मासा रेडकाएवढा झाला होता! आमच्या घरात सात पिढ्यांत मासा शिजलेला नाही, तरी ते मासे बघून माझ्या घशाखाली घास उतरेना.

ओरडून भागेना, तेव्हा मी मातीची पोती टाकून चरीचं तोंडच बुजवलं. पाऊस लागून होता. चार दिवसांत माझा ऊस गुडघाभर पाण्यात उभा राहिला, मुळं कुजायला लागली. त्याचं तळं मात्र पावसानं काठोकाठ भरलं.

पाचव्या दिवशी मी गेलो आणि उपकार केल्यासारखं विचारलं, "काय रे, सोडू का तुला पाणी?"

तो म्हणाला, "आता नको. तळं भरलंय."