अस्वल मागेच राहिलं होतं

अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर पेन धरला तो आता, मुलीच्या उरलेल्या वहीत. कुणी वाचलंच तर माफ करावं. तोंडानं सांगायला मला लाज वाटते, म्हणून लिहिते.

लहानपणी मी चालायची कमी, धावायची जास्त. लग्नानंतरही मोहफुलं वेचायला जाताना जंगलाच्या वाटेवर सगळ्यांच्या पुढं मीच. मग एका पावसाळ्यात खोकल्यातून रक्त पडलं. क्षय निघाला. सरकारी गोळ्या सुरू व्हायच्या आधीच खासगी डॉक्टर आणि छातीचा फोटो यांत होतं तेवढं संपलं. मोठ्या जावेनं दोन बकऱ्या विकून दोन हजार दिले. देताना म्हणाली, "माहे पैसे फेडल्याबिगर मरशील तं पायजो!"

मी हसले, पण ते मनात रुतलं. आमच्याकडं म्हणतात, देणं अंगावर असलं की जीव सहजी जात नाही.

गोळ्या पूर्ण झाल्या. डॉक्टर म्हणाले, बरी झालीस. पण शेजारची सूनही बरी झाली होती. धानाच्या रोवणीत धावत बांध ओलांडायची, आणि दिवाळीच्या आत गेली. तिनं गोळ्या मधेच सोडल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. तरी डोळ्यांपुढं तिचं धावणंच यायचं. समोरून एसटी निघून गेली तरी मी पाय उचलायची नाही. खोकला आला की पदर तोंडाला लावायची आणि मग पदर बघायची.

थोडे थोडे करून एकोणीसशे फेडले. शेवटचे शंभर हळदीच्या डब्यात तीन वर्षं तसेच ठेवले.

तिसऱ्या साली मोहफुलं वेचायला मोठी जाऊ आणि मी, दोघीच गेलो. फुलं टपटप पडत होती, पण एकही पाखरू बोलत नव्हतं. आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा आम्ही झाडून ठेवला होता. त्या साफ जागेवर काहीतरी काळं होतं. मला वाटलं, जळकं खोड. मग त्यानं फुसकारत मान वर केली.

टोपली टाकून मी धावले. मागं अस्वल होतं, पण मला भीती छातीची. आता फुटेल, आता तोंडात रक्ताची चव येईल. शेतात कापलेल्या धानाचे वाळके ठोंब पायाला टोचत होते. पहिला बांध गेला, दुसरा गेला. श्वास गरम येत होता, पण पुरा येत होता. कानांत वारा भरला. हे सगळं माझ्या ओळखीचं होतं.

"थांब वो!" मागून जाऊ ओरडली. "अस्वल तं तिथंच मोह खाऊन राह्यलं, तू कायले धावून राहिली?"

मी थांबले नाही. तलावाच्या मातीच्या पाळीपर्यंत गेले. तिथं एकदा खोकले. पदर पाहिला. नुसती धूळ होती.

जाऊ धापा टाकत आली. "मले अस्वलाले देऊन टाकली होती काय वो?"

घरी येऊन मी हळदीचा डबा उघडला. पिवळी झालेली नोट बघून जावेचा हात पुढं येईना.

"राहू दे ना. शंभरानं काय होते?" ती हळू आवाजात म्हणाली. देणं फिटलं की माझा जीव जाईल, हे भ्या तिलाही वाटत होतं, ते तेव्हा कळलं.

"घ्या बाई," मी म्हटलं आणि नोट तिच्या मुठीत कोंबली. तिनं माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं, मग नोट कमरेला खोचली. दोन हजार पुरे झाले.