जलजाचेचीला हवा असलेला तास

केरळातल्या चेलक्कऱ्याच्या नवोदय वाचनालयात जलजाचेची, म्हणजे आमची जलजाताई, ग्रंथपाल आहे. खुर्चीत बसून शिक्के मारणारी ग्रंथपाल नव्हे. आमच्याकडे वाचनालयातल्या बाईने खांद्याला पिशवी लावून घरोघरी पुस्तकं पोचवायची असतात, बायकांना आणि म्हाताऱ्यांना. शहरातून कुणी शहाणा येऊन "मॅडम कुठायत?" म्हणून विचारतो, तेव्हा मॅडम रबराच्या बागेतून घाम पुसत येत असतात. वय बावन्न, उंची बेताची, आणि आवाज असा की थांबा सोडून निघालेली बस मागे वळून बघेल.

पंधरा वर्षांपूर्वी वाचनालयाला एक संगणक मिळाला आणि त्याच्यासोबत कुठल्याशा कंपनीचा नोंदी ठेवायचा प्रोग्राम. चेचीने वर्षभर दुपारच्या दुपार बसून सहा हजार पुस्तकं त्यात भरली. वर्ष संपलं, प्रोग्रामची मुदत संपली आणि सगळ्या नोंदी आत अडकल्या. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, मुदत वाढवा, मग उघडेल. चेची म्हणाली, "पुस्तकं आमची, टाइप करून बोटं मोडली माझी, आणि कुलूप तुझं होय रे?" त्याने फोन ठेवला. त्या बिचाऱ्याला काय माहीत, आपण कुणाला पेटवलं ते.

हायस्कूलच्या मास्तरांकडून ती प्रोग्राम लिहायला शिकली. पहिल्यांदा आमच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या ईमेल-यादीवर तिने पत्र टाकलं, तेव्हा एका पोराने नेहमीचं उत्तर दिलं: आधी माहितीपुस्तक वाचा, मग विचारा. तिने उलट लिहिलं, "वाचलंय. चौदाव्या पानावर चूक आहे. तू वाचलंस का?" चूक खरंच होती. ती तिनेच दुरुस्त करून पाठवली. पुढे तिने स्वतःचा प्रोग्राम उभा केला, त्याला अलमारा, म्हणजे कपाट, असं नाव दिलं आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. ज्याला हवा त्याने घ्यावा, बदलावा, वाटावा. आज चारशेवर खेड्यांतली वाचनालयं अलमारावर चालतात.

घ्यायला चारशे आले. हात लावायला एकही नाही. मुक्त सॉफ्टवेअरची भाषणं ठोकणारे आमच्यात पैशाला पासरी आहेत, पण वाचनालयाचा प्रोग्राम म्हटलं की त्यांना कमीपणा वाटतो. अकरा वर्षं एकटी बाई तो गाडा ओढत होती. मागच्या ऑगस्टमध्ये तिला डेंगी झाला आणि नेमका तेव्हाच प्रोग्राममध्ये तारखांचा घोळ उठला. अकरा दिवस चारशे वाचनालयांतून एक पुस्तक बाहेर गेलं नाही. एका हाताला सलाइन आणि दुसऱ्या हातात फोन धरून ती कुणाला तरी ओळ ओळ सांगत होती. मी भेटायला गेले तर म्हणाली, "लिजी, मी मेले तर हे सगळं माझ्याबरोबर जळणार. तुमच्या संमेलनात मला एक तास दे. मोठ्या सभागृहात. मी अलमारा उघडून दाखवते, आतलं सगळं. तीनशे पोरं बसलेली असतात, त्यातली थोडी तरी हात लावतील."

"का नाही मिळणार, चेची? नक्की मिळेल," मी म्हणाले.

मी कोण, तेही सांगते. मी लिजी, कोचीत एका कंपनीत नोकरी करते. त्रिशूरला दरवर्षी भरणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअर संमेलनाच्या समितीत नऊ माणसं होती. आठ पुरुष आणि मी. मला का घेतलं होतं ते फोटो बघितला की कळतं.

आमच्यात एक रीत आहे. सगळं उघड्यावर. नुसता प्रोग्रामच नव्हे, तर समितीचे कागद, याद्या, ठराव, सगळं सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं. आणि कागदात कुणी ओळ घातली की ती कोणी घातली, कधी घातली, हे आपोआप नोंदलं जातं. ओळ पुसली तरी जुनी प्रत मागे राहतेच. ह्या रीतीचा आम्हाला भारी अभिमान. सरकारला, कंपन्यांना आम्ही हेच ऐकवत असतो.

त्या वर्षी बोंब झाली होती की व्यासपीठावर सगळे पुरुषच असतात. म्हणून अध्यक्ष विनयन सारांनी (सरांना आमच्याकडे सार म्हणतात) एक यादी काढली: बोलावता येतील अशा स्त्री वक्त्या. सव्वीस नावं जमली. समोर रकाना होता शेऱ्यांचा, आणि समितीतल्या प्रत्येकाने त्यात लिहायचं होतं. पुरुष वक्त्यांच्या यादीला शेऱ्यांचा रकाना नव्हता. हे मला तेव्हा खटकलं नाही. आता खटकतं, पण आता खटकून काय उपयोग?

बैठकीत जलजाचेचीचं नाव आलं तेव्हा विनयन सार परिप्पुवडा, म्हणजे आमचा डाळवडा, खात होते.

"काम चांगलं आहे हो," ते म्हणाले, "पण मोठ्या सभागृहात? प्रायोजक पुढे बसतात. ही उभी राहून आपल्या त्या खेडवळ बोलीत सुरू झाली तर?"

अनूप म्हणून एक होता, नुकता अमेरिकेहून आलेला. तो म्हणाला, "सार, आपल्याला वजनदार बाई पाहिजे. ही पुस्तकांची पिशवी वाहते."

"परिसंवादात घालू की," सार म्हणाले. "स्त्रियांच्या. तिथे चालेल. मोठ्या सभागृहात एक बाई असली म्हणजे झालं. ती आपली लिजी आहेच. काय लिजी?"

मी हसले. खरंच हसले. चेचीला तास देईन म्हणून शब्द दिला होता, पण जागा एकाच बाईची होती आणि ती मला हवी होती. शिवाय मनात जुनी अढी होती. अलमाराची पडद्यावरची अक्षरं सुधारून मी एकदा पाठवली होती, तेव्हा तिने सगळ्यांसमोर लिहिलं होतं, "लिजी, न तपासता पाठवलंस. पुन्हा कर." ते मी पुन्हा केलंच नाही. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय! त्या रकान्यात मी लिहिलं: भांडखोर. मोठं सभागृह दिलं तर कुणाची तरी लाज काढेल.

संमेलनाच्या आदल्या आठवड्यात सारांना कुणीतरी सुचवलं की ते शेरे बरे दिसत नाहीत. सारांनी रकाना पुसला आणि निर्धास्त झाले. वीस वर्षं जो माणूस लोकांना शिकवत आला की आमच्याकडे पुसलेलं काही हरवत नाही, त्याला स्वतःचा रकाना पुसताना हे आठवलं नाही.

चेचीला परिसंवादाचं पत्र गेलं. विषय होता: संसार आणि सॉफ्टवेअर, स्त्रियांची तारेवरची कसरत. वेळ साडेबारा, लहान खोली, आणि साडेबारालाच खाली जेवणाची पानं मांडायची होती. तिचा मला फोन आला नाही. मला वाटलं, सुटले.

पत्रात तिच्या वाचनालयाचं नाव चुकलं होतं. दुसरी कुणी बाई असती तर रुसून बसली असती. हिने आमच्या रीतीप्रमाणे समितीची यादी उघडली, नाव स्वतः दुरुस्त करावं म्हणून. ही चूक कोणी घातली ते बघायला ती जुन्या प्रतींत शिरली. आणि तिथे तिला अख्खा रकाना सापडला.

संमेलनाच्या दिवशी सकाळी अकराला मी मोठ्या सभागृहात बोलले. मुक्त सॉफ्टवेअरमधलं स्त्री-नेतृत्व असा माझा विषय. पडद्यावर मी जलजाचेचीचा फोटोसुद्धा दाखवला, खांद्यावर पिशवी घेतलेला. टाळ्या पडल्या. माझ्याइतकी निर्लज्ज बाई त्या दिवशी त्रिशूरात दुसरी नसेल.

साडेबाराला लहान खोलीत तीसेक माणसं होती. सार दाराशी उभे, घड्याळ बघत. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने पहिलाच प्रश्न चेचीला विचारला, "घर आणि काम, कसं जमवता हो?"

चेचीने माइक जवळ ओढला. "माझा नवरा स्वयंपाक बरा करतो. झालं ते. आता कामाचं. तुम्ही मला बोलावलंत कसं, ते मी शोधून काढलं. तुमच्याच कागदांत आहे. वाचते."

आणि तिने फोनवरून वाचायला सुरुवात केली. ओळ, खाली लिहिणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ. आवाज चढवला नाही, हजेरी घ्यावी तशी वाचत गेली. "काम चांगलं, पण बोलणं गावठी, कॅमेऱ्यासमोर नको. विनयन, चार तारीख." "इंग्रजी नाही, प्रायोजकांना काय कळणार? अनूप, चार तारीख." "परिसंवादात भरती म्हणून घेऊ, नाही म्हणणार नाही. विनयन, पाच तारीख."

"चेची, अहो, हे आतलं आहे," सार दारातून म्हणाले.

"तुमच्यात आतलं-बाहेरचं कधीपासून झालं, सार? तुम्हीच शिकवलंत मला, सगळं उघड्यावर." ती पुढच्या ओळीकडे वळली. "भांडखोर. मोठं सभागृह दिलं तर कुणाची तरी लाज काढेल. लिजी, पाच तारीख, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. बाकी तीसही जणांनी बघितलं.

मग तिने दुसऱ्या पंचवीस बायकांचे शेरेही वाचायला घेतले. कुणाचा आवाज किनरा, कुणाला लहान मूल, कुणी दिसायला बरी म्हणून आधी घ्या. अर्ध्यातच लोक उठायला लागले. कुणी म्हणालं जेवण निवतंय, कुणी म्हणालं बाईला काही पोच नाही. ती शेवटची ओळ वाचेपर्यंत खोलीत सात जण उरले होते. अलमाराबद्दल एक शब्द बोलायला वेळ मिळाला नाही. तिने फोन पिशवीत टाकला आणि न जेवता दोनची बस पकडली.

समितीने निषेधाचं पत्रक काढलं. रकान्याचा नव्हे, चेचीच्या वागण्याचा. मी त्यावर सही केली नाही, आणि ह्यालाच पराक्रम समजून महिनाभर घरी बसले.

मग अलमाराच्या बाकी कामांची उघडी यादी आहे, तिच्यातलं एक काम मी घेतलं. पुस्तक परत करायची तारीख सुट्टीच्या दिवशी पडू नये, एवढंच. करून पाठवलं. चेचीने परत पाठवलं: ओणमच्या सुट्ट्या राहिल्या. पुन्हा पाठवलं. परत आलं: तपासलं नाहीस. चार वेळा असं झालं. पाचव्यांदा तिने ते घेतलं आणि कामं करणाऱ्यांच्या यादीत स्वतःच्या नावाखाली माझं नाव घातलं. दुसऱ्या माणसाचं नाव त्या यादीत पहिल्यांदाच लागत होतं. मी बघून रडले आणि दुसऱ्या दिवशी चेलक्कऱ्याला गेले.

ती पिशवीत पुस्तकं भरत होती. मी पाया पडायचीच बाकी होते. म्हटलं, "चेची, चुकले मी. मला माफ केलंत ना? नाव घातलंत माझं..."

"नाव कामाचं घातलं. काम बरोबर होतं," ती म्हणाली.

"दर आठवड्याला करीन. मी आहे आता तुमच्याबरोबर."

चेचीने पिशवीचा पट्टा खांद्यावर चढवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"मी सभागृह मागितलं होतं, लिजी. तू एकटी आलीस."

मी बिनदुधाच्या कट्टन चहाच्या टपरीपर्यंत तिच्या मागे मागे गेले. तिथून ती रबराच्या बागेत शिरली, आणि ये म्हणाली नाही.