धाकट्याने धरलेली शिडी

सुताराने घाईत केलेल्या शिडीची पायरी निखळली आणि त्याचा धाकटा भाऊ पडून जन्माचा लंगडा झाला. भावाने तेव्हाच माफ केलं, पण सुताराला ते पटेना. भाऊ हसला की वाटे, याच्या मनात काहीतरी शिजतंय. स्वतः तो पुन्हा शिडी चढलाच नाही.

आज चर्चमधला उंचावरचा क्रूस सैल झाला.

"चढ दादा, मी धरतो."

"तू? आणि सोडलीस तर?"

"सूडच घ्यायचा असता तर तू शेजारी घोरतोस तेव्हा उशी होतीच की! प्रभूने माफ केलं, मी केलं. तूच तेवढा स्वतःवर डूख धरून बसलायस."

सुतार कुरकुरत चढला. अर्ध्यावर संशयाने त्याने खाली पाहिलं. भावाने तोच लंगडा पाय शिडीच्या बुडाशी घट्ट रोवला होता. सुतार मुकाट्याने वर सरकला.