वजनवाले चाचा

वॉर्डात शिरल्यावर चाचा आधी पेशंटच्या तोंडाकडे बघत नसत. कमरेत वाकून खाटेच्या पायथ्याशी लोंबणाऱ्या वजनाला बोटाने हलकेच ढकलायचे. ते मोकळं झुललं की मगच मान वर करून विचारायचे, "कैसे मिज़ाज हैं?" लखनौच्या त्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डात त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. मोडलेल्या पायांची वजनं तेच सांभाळत, म्हणून सगळ्यांचे ते वजनवाले चाचा.

माझ्या नवऱ्याची, सुहासची, मांडी अलीगंजमध्ये स्कूटर घसरून मोडली. छातीलाही मार होता, म्हणून ऑपरेशनला चार-पाच दिवस थांबायचं होतं. तोवर गुडघ्याखालच्या हाडातून एक सळई आरपार घातली, तिची दोरी खाटेच्या टोकाच्या कप्पीवरून खाली सोडली आणि तिला वजन टांगलं. चाचांनी मला स्टुलावर बसवून समजावलं, "बिटिया, जाँघ का गोश्त बड़ा ज़ोरावर होता है, टूटी हड्डी को ऊपर खींच लेता है. हम नीचे से उसे मना रहे हैं. बस, वज़न हवा में रहे."

दोरीला हात लावण्याआधी ते चक्क पायाची परवानगी मागत. "इजाज़त है, हुज़ूर?" एवढ्या वेदनेतही सुहासला हसू यायचं. मग टाचेखाली कापूस सारता सारता ते त्याची सगळी गाऱ्हाणी ऐकून घेत. सिस्टर त्यांना चिडवायच्या, "चाचा, कभी हमारी भी इजाज़त ले लिया करो."

तिसऱ्या दुपारी सुहास औषधाच्या गुंगीत कण्हत होता. मला ते ऐकवेना. चाचा जेवायला गेले होते. मी स्टूल वजनाखाली सरकवलं आणि उंची कमी पडली म्हणून वर शालीची घडी ठेवली. दोरी सैल पडली, कण्हणं थांबलं आणि मी स्वतःवरच खूश झाले. चाचा यायच्या आत स्टूल काढून घेतलं. चौथ्या दुपारीही तेच केलं. बँकेत अधिकारी असलेली मी, मला काही कळलं नव्हतं असं नाही.

त्या दिवशी मात्र चाचा लवकर परतले. त्यांनी स्वतःच वजन उचलून धरलं, स्टूल काढलं, सावकाश वजन सोडलं आणि शाल झटकून माझ्या हातात दिली. "रहम आता है न? सबको आता है. अब मत कीजिएगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स-रे पाहून मोठे डॉक्टर भडकले. हाडाची टोकं एकमेकांवर चढली होती. वजन वाढवावं लागणार होतं, ऑपरेशन लांबणार होतं. "वज़न किसके ज़िम्मे था?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हमारी निगाह चूक गई, साहब."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई शेजारी होत्या. त्यांच्यासमोर आपली शोभा नको, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. मी सुहासची उशी नीट करत राहिले. त्याच दिवशी चाचांना वॉर्डातून काढून तळमजल्यावर पट्ट्यांच्या खोलीत बसवलं.

सुहासला घरी न्यायच्या दिवशी मी खाली गेले. चाचा पट्ट्या गुंडाळत होते. "चाचा, मैं डॉक्टर साहब को सब बता देती हूँ," मी म्हणाले.

"अब रहने दीजिए. भैया की टाँग कैसी है?"

"ठीक है. और आप?"

कुणाचं कण्हणं ऐकू येतंय का, असा त्यांनी कानोसा घेतला. "यहाँ कोई कराहता नहीं, बिटिया. दिल नहीं लगता."

मी मान हलवली आणि वर आले. डॉक्टरांची खोली वाटेतच होती. दार उघडं होतं, डॉक्टर आत बसले होते. रहने दीजिए, असं चाचांनीच म्हटलंय ना, अशी मी मनाची समजूत घातली आणि पुढे निघून गेले. त्या समजुतीची मला आजही लाज वाटते.

सुहास आता ठणठणीत चालतो. घरी मराठी मंडळी जमली की रंगवून किस्सा सांगतो, "एका म्हाताऱ्याने वजनच नीट लावलं नव्हतं. पाय जायचा माझा!" गेल्या रविवारीही सांगितला. मंडळी हळहळली. सासूबाई म्हणाल्या, "असल्या माणसांना कामावर ठेवतात कशाला?"

सगळे माझ्याकडे बघत होते, कारण वॉर्डात दिवसरात्र मीच तर होते.

"चहा आणखी कुणाला हवाय?" मी विचारलं.