भोक पाडलेला पंप

इथले अनुभव मी दोन-तीन वर्षं वाचतोय. बहुतेक वाचून हसलोय, हेही आधीच सांगून टाकतो. कुणाला वळणावर बाई दिसली, कुणाच्या गाडीत मागे कोण येऊन बसलं... माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. रत्नागिरीत नाचणे रोडला माझं फ्रिज-एसी रिपेअरिंगचं दुकान आहे. दिवसभर संबंध गॅसशी. कुठून गळतोय, किती उरलाय, डबी भरलेली की रिकामी, हे मला नुसतं हातात घेतल्यावर कळतं. आणि नेमकी तिथेच माझी जिरली.

पण आधी एक लाजिरवाणी गोष्ट सांगायला हवी. ती टाळून पुढचं सांगता येत नाही, नाहीतर टाळलीच असती.

चार वर्षांपूर्वी एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर एसीचं बाहेरचं युनिट बसवत होतो. अचानक श्वास पुरेना. तोंड उघडून हवा घेतोय, पण ती आत पोचतच नाही. हाताला मुंग्या, कपाळावर घाम... वाटलं, आटपलं आपलं. ईसीजी, एक्स-रे, रक्त — सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "तुमची फुफ्फुसं उत्तम आहेत. हे अँग्झायटीमुळे होतंय." एक युक्तीही शिकवली. नाकानं हळू श्वास घ्यायचा, जरा थांबायचं, मग फुंकर घातल्यासारखा सावकाश सोडायचा. "कुठेही करा, चारचौघांत करा, लाजू नका," म्हणाले.

लाजू नका म्हणे. मी घरी गेलो आणि बायकोला सांगितलं, दम्याची सुरुवात आहे.

का? कारण दमेकऱ्याला लोक बसायला खुर्ची देतात आणि घाबरणाऱ्याला हसतात. मीच हसलोय ना! शेजारच्या दुकानदाराचं लिफ्टमध्ये असंच झालं होतं, तेव्हा त्याची नक्कल करून चार माणसांना चहाबरोबर हसवणारा मीच होतो.

आता दमा म्हटला की पंप हवा, म्हणजे इनहेलर. माझ्या मुलीला लहानपणी दमा होता, तिचा एक जुना निळा पंप कपाटात पडलेला. एकदोनदा मारून बघितला, तर उरल्यासुरल्या औषधानं छाती धडधडायला लागली आणि त्या धडधडीनं भीती दुप्पट. म्हणून तो पूर्ण संपवला, आणि आमच्या धंद्यातल्या सवयीनं आतल्या धातूच्या डबीला बारीक भोक पाडलं. गॅसची रिकामी डबी भंगारात घालण्याआधी आम्ही भोक पाडतोच, म्हणजे आत काही राहिल्याची शंका नको. (तुम्ही घरी हा उद्योग करू नका.) भोक बाजूला पाडलं, प्लॅस्टिकच्या कव्हरात लपेल असं.

मग काय... श्वास अडकला की खिशातून पंप काढायचा, दाबल्यासारखं करायचं, हळू ओढायचं, थांबायचं, सावकाश सोडायचं. डॉक्टरांचीच युक्ती, पण पंपाच्या आडून. आणि खरंच बरं वाटायचं. चार वर्षं हे नाटक चाललं. बायको घरात धूळ उडू देईना, गिऱ्हाईक म्हणायचं, सुहास शेठ, तुम्ही वर चढू नका. मी मान हलवायचो.

आता मूळ गोष्ट. गाव पालीपासून आत सात किलोमीटर, नाव देत नाही. गेल्या शिमग्यात मी एकटाच गावी गेलो होतो, मुलीची दहावी असल्यामुळे ती आणि बायको रत्नागिरीतच राहिल्या. पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. चांगलं लख्ख ऊन. ढोल, गुलाल, धूप, माणसांनी अंगण गच्च. मला गर्दीत नेहमी होतं तसं व्हायला लागलं, म्हणून पडवीच्या खांबाला टेकून दोन वेळा पंप ओढला. सगळ्यांनी पाहिलं.

मग गाऱ्हाणं. आमच्याकडे घराघरासाठी दाजीकाका गाऱ्हाणं घालतात. पंचाहत्तरीचे आहेत, पण आवाज खणखणीत. घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन देवाकडे मागतात आणि प्रत्येक मागण्याला अख्खी वाडी "व्हय म्हाराजा" म्हणते. माझ्या मुलीच्या परीक्षेचं झालं, आंब्याच्या मोहोराचं झालं, आणि मग...

"देवा म्हाराजा, हा आमचा सुहास पोटापाण्यासाठी शहरात बिऱ्हाड करून हाय. त्येला दम्यानं बेजार केलान. तो दमा तुझ्या पायाशी ओढून घे आनि आमच्या पोराला मोकळा श्वास दे."

"व्हय म्हाराजा!"

साठ-सत्तर माणसं असतील. मला नसलेला आजार जावा म्हणून ती सगळी हात जोडून उभी होती. लहान मुलंसुद्धा. माझ्या कानशिलांपर्यंत आग झाली. खाली बघून मीही पुटपुटलो — व्हय म्हाराजा. त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं, नाही उघडलं.

पालखी नाचवायला सुरुवात झाली आणि बायकांच्या बाजूने गलका झाला. इंदूकाकी खाली बसली होती. ही माझ्या वडिलांची चुलत भावजय, साठीची, एकटी राहते. हिला दमा आहे. खरा. गुलाल आणि धुपानं तिचा श्वास कोंडला होता. छातीतून शिट्टीसारखा आवाज, ओठ काळपट, दोन्ही हात जमिनीवर टेकलेले. तिचा पंप तिच्या घरी राहिलेला, खालच्या वाडीत, घाटीची चढउताराची पायवाट उतरून परत चढायची म्हणजे दहा मिनिटं. एकजण पळाला.

आणि मग व्हायचं तेच झालं. दाजीकाका माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे सुहास, उभा काय ऱ्हायलास? तुझा पंप दे तिला."

मी खिशात हात घातला आणि तसाच उभा राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. थोडाच असेल. समोर बाई गुदमरत होती आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं, तर — कुणी डबी बाहेर काढली आणि भोक दिसलं तर? हे लिहिताना आत्ताही माझी मान खाली आहे.

"दे ना रं!" कुणीतरी ओरडलं.

मी गेलो. पंप तिच्या हातात दिला नाही, दिला असता तर बिंग फुटलं असतं. स्वतःच तिच्या तोंडाशी धरला, म्हटलं, "काकी, मी दाबतो, तू ओढ." आणि दाबला.

फस्स आवाज आला.

मला वाटलं, भास. परत दाबला. परत फस्स. काकीच्या ओठांच्या कडेनं पांढरी वाफ बाहेर आली, ती माझ्या डोळ्यांनी पाहिली. आणि बोटाखाली डबी गार पडली. ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या लक्षात आली नसती, पण माझं आयुष्य यात गेलंय. गॅस दाबातून सुटला की धातू गार पडतो, नाहीतर नाही. भोक पाडलेल्या डबीत दाब राहील कसा?

पाचेक मिनिटांत तिच्या छातीतली शिट्टी कमी झाली. ओठांवर रंग आला. पाणी प्यायली आणि पहिलं वाक्य काय, तर "शी, किती कडू हाय रे तुझा औषध."

"देवानं ऐकलान हो," दाजीकाका म्हणाले आणि ढोल परत सुरू झाले.

तेवढ्यात पळत गेलेला माणूस तिचा पंप घेऊन आला. काकीनं तो माझ्या हातात कोंबला. "ह्यो तू ठेव. तुझा मी ठेवतंय. माझा असा पटकन लागू पडत नाय." मी म्हटलं, "नको काकी, तुझा तुला असू दे." तर सगळे तिच्या बाजूनं. घे की, एकच औषध, काय फरक पडतो... माझा पंप तिनं कनवटीला लावला सुद्धा.

आणि मी घेतला तिचा पंप. जेवलो, सगळ्यांच्या पाया पडलो आणि चारच्या सुमारास गाडीला किक मारून निघालो. एका दमेकरी बाईचं औषध माझ्या खिशात आणि तिच्याकडे भोक पाडलेली डबी. एकदा चाललाय म्हणजे चालेल, उद्या फोन करून काहीतरी थाप मारू, नवीन पाठवून देऊ, असं स्वतःला समजावत पाली मागे टाकली. हातखंब्याच्या तिठ्यावर सिग्नल देऊन रत्नागिरीकडे वळायचं, तिथे माझा श्वास अडकला. सवयीनं खिशात हात गेला, पंप बाहेर काढला. तिचा. तोंडापर्यंत नेला आणि पहिल्यांदाच वाटलं की मी कुणाचा तरी श्वास चोरून घेऊन चाललोय. तिथेच रस्त्याच्या कडेला, ट्रकवाल्यांच्या देखत, पंपाशिवाय बसून डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे श्वास घेतले. मग गाडी उलटी फिरवली.

काकी पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मी तिचा पंप तिच्यापुढे ठेवला आणि माझा परत मागितला. डबी काढून भोक दाखवलं. सगळं सांगितलं. बायकोला मारलेली थाप, गाऱ्हाण्याच्या वेळी गप्प राहणं, खिशात हात घालून उभा राहिलो ते, तिचं औषध घेऊन निघालो ते सुद्धा. तिनं डबी उजेडाकडे धरून बघितली. मी तिच्यासमोरच दोनदा दाबून दाखवली. काही नाही. नुसतं टक्-टक्.

"मग माझ्या जिभेला कडू काय लागला?"

"माहीत नाही."

ती परत तांदळातले खडे काढायला लागली. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या.

"आनि दमा नाय, तर तुला होतो काय मग?"

चार वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विचारायला मी जागाच ठेवली नव्हती. म्हटलं, "भीती वाटते, काकी."

"कसली?"

"कसलीच नाही. त्याचीच तर लाज वाटते."

काकीनं सूप बाजूला सारलं आणि पायरीवर सरकून मला बसायला जागा केली. एवढंच.

नंतर दुकानात मी ती डबी पाण्यात बुडवली, एसीच्या कामाच्या पंपानं हवा भरून बघितली. भोकातून बुडबुडे आले, म्हणजे भोक आरपार आहे, बुजलं वगैरे नव्हतं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गर्दी बाजूला झाली, पुढे वाकून बसल्यानं आणि धीर मिळाल्यानं श्वास सुटला असेल. असेल. पण फस्स आवाज माझ्याशिवाय जवळ उभ्या तिघांनी ऐकलाय, काकीला कडू लागलंय, आणि माझं बोट गार पडलंय. धीर दिल्यानं धातू गार पडत नाही. बायको म्हणते, देवानं केलं. देवानं केलं असेल तर एका खोटारड्याच्या हातून का, हे तिलाही सांगता येत नाही. (तिलाही त्याच रात्री सगळं सांगितलं. "चार वर्षांत एकदाही औषधाच्या दुकानात पाठवलं नाहीस, मला तेव्हाच कळायला हवं होतं," एवढंच म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही.)

कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा.

काकीचा अधूनमधून फोन येतो, नेमका दुकानात गिऱ्हाईक असताना. "भीती आलेली काय रे या आठवड्यात?" असं मोठ्यानं विचारते, कारण तिला कमी ऐकू येतं. तिला ऐकू जावं म्हणून मलाही मोठ्यानंच सांगावं लागतं — "हो काकी, दोनदा आली." गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं. मी बघू देतो.