चौथ्या गुत्त्याबाहेरची चूल

कुठे खिम्याचे गोळे तळत असले आणि तो वास नाकात शिरला, की मला ते प्रकरण आठवतं, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी डोकं तापतं.

महाराजांची कारकीर्द होती. मी कोल्हापूर संस्थानात फौजदार होतो. माझी नेमणूक कुरुंदवाडच्या अलीकडे, पण आमच्याच हद्दीत, नदीकाठच्या एका लहान गावी होती. घाटापासून पेठेपर्यंत एकच रस्ता आणि त्यावर चार गुत्ते, चारही एकाच मक्तेदाराचे. बाजाराच्या दिवशी ऊन कललं, की मंडळी घाटाकडून निघत. एका जागी बसून ढोसायची तिथे पद्धत नव्हती. उभ्याउभ्या एक पेला, दारातल्या विक्रेत्याकडून थोडा चखणा, चार गप्पा, की चालले पुढच्या गुत्त्यावर. पहिल्यावर फुटाणे, दुसऱ्यावर उकडलेली अंडी, तिसऱ्यावर नदीतला तळलेला मासा. चौथ्याबाहेर एका मुसलमान विधवेची चूल होती. तिला सगळा गाव खाला, म्हणजे मावशी, म्हणे, आणि तिचे खिम्याचे गोळे खायला कुरुंदवाडहून माणसं येत. या फेरीला लोक ‘गस्त’ म्हणत. माझ्या हवालदाराला ते झोंबायचं, मला हसू यायचं. मी स्वतः पीत नसे, पण त्या रस्त्यावर हसण्याचे आवाज जास्त आणि भांडणं कमी, हे मी पाहिलेलं आहे.

एका बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात हजेरी घेत होतो. मक्तेदाराचा माणूस धापा टाकत आला.

“फौजदारसाब, तरीवरचा नावाडी मेला. आनि तिघं आडवं पडल्यात, बरळाय लागल्यात. त्या खालानं खिम्यात कायतरी घातलंय.”

“तुला कुणी सांगितलं?”

“समद्यांनी तिथंच खाल्लंय की. गावच म्हनतंय.”

ज्याच्या घरी कुणी आजारी नाही, तो सगळ्यांच्या आधी ठाण्यात धावत आला, तर त्याला बसवून ठेवावं, हा माझा नोकरीतला अनुभव. मी त्याला हवालदाराच्या स्वाधीन केलं आणि निघालो.

पेठेत पोचलो तर लोकांनी चूल लाथांनी फोडली होती. कढई गटारात पडली होती आणि खालाला दोघांनी दंडाला धरून उभं केलं होतं. दारुड्यांना गुंगी देऊन लुटायचा तिचा बेत होता म्हणे. वर्षानुवर्षं जे तिच्या हातचं मिटक्या मारत खात होते, तेच हात उगारून उभे होते. माझ्या अंगाची लाही झाली. मी तिला ठाण्यात आणून कोठडीत ठेवलं. बाहेर ठेवली असती तर गावानं तिला जिवंत सोडलं नसतं.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी आजारी माणसं तपासली आणि सांगितलं, “धोतरा आहे. तोंड कोरडं पडतं, माणूस बरळतो, बाहुल्या मोठ्या होतात. बरा झाला तरी काही दिवस उजेड सोसत नाही.” धोतरा कशातून गेला, ते मात्र त्यांनाही सांगता येईना.

चौथ्या गुत्त्यावर गेलो. दारूचं पिंप धुऊन, पालथं घालून, उन्हात ठेवलेलं. एरवी मक्तेदार ते महिनोन्‌महिने धूत नसे. मक्तेदार हात जोडून म्हणाला, “स्वच्छता नको व्हय, साहेब?” मला कळायचं ते कळलं. चौथ्या गुत्त्यापर्यंत आलेल्या माणसाची जीभ बोथट झालेली असते. तिथे दारूत पाणी वाढवायचं आणि कमी पडलेली नशा धोतऱ्यानं भरून काढायची. त्या दिवशी तळाच्या दारूत तो जास्त उतरला असणार. पण कळणं वेगळं आणि न्यायाधीशापुढे शाबीत करणं वेगळं. आजारी तिघांच्या जबान्या घेतल्या. तिघांनीही तिथली दारू प्यायली होती आणि तिघांनीही गोळे खाल्ले होते. नावाड्यानंही तेच केलं होतं. खुनाचा गुन्हा होता. खालाला कोल्हापूरला पाठवावं लागलं असतं आणि हाच पुरावा राहिला असता, तर तिला फासावर जाण्यापासून कुणी वाचवलं नसतं.

मी तिची पुन्हा चौकशी केली.

“साहेब, उरलेलं गोळं माझ्या लेकीनं खाल्लं. तिला काय बी झालं न्हाय.”

“लेक आईसाठी खोटं बोलते म्हणतील. तिथे दारू पिऊन तुझं न खाणारा कुणी आहे का?”

ती खाली बघत म्हणाली, “एक हायत. शाळंचं मास्तर. माझ्याकडं पाठ करून पित्यात. फुटाणं पहिल्या गुत्त्यावरनंच खिशात भरून आणत्यात. पर त्यांचं नाव माझ्या तोंडून नको, साहेब. अब्रूदार मानूस हाय.”

स्वतःचा जीव टांगणीला असताना तिला त्यांच्या अब्रूची काळजी होती.

मास्तर सोवळ्या घरातले. शाळेत मुलांना व्यसनाचे दुष्परिणाम शिकवत. त्या बाजारापासून ते शाळेत आले नव्हते, ताप आहे असा निरोप होता. घरी गेलो तर ते भर दुपारी खोलीची दारं-खिडक्या लावून, डोक्यावरून घोंगडी घेऊन पडलेले.

“मास्तर, बाजाराच्या दिवशी गुत्त्यावर गेला होतात?”

“छे. माझ्यासारख्या माणसाला हे विचारता तरी कसं?”

मी उठलो आणि खिडकी उघडली. ऊन आत आलं तसे मास्तर कण्हले आणि दोन्ही तळव्यांनी डोळे झाकून भिंतीकडे वळले.

“साहेब, माझी नोकरी जाईल,” ते भिंतीला सांगत होते. “समाजात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. ती बाई काय, आज ना उद्या सुटेल.”

नोकरीत मी दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले. पण त्या वाक्यानं जितका संताप आला, तितका क्वचित आला असेल. मी आवाज चढवणार, तोच स्वयंपाकघराच्या दाराआडून त्यांची पत्नी बोलली.

“फौजदारसाहेब, यांना लिहून द्यायचं नसेल तर माझी जबानी घ्या. हे गुत्त्यावरून आले आणि रात्रभर भिंतीवर नसलेल्या मुंग्या वेचत होते. आणि अहो, आज ना उद्या म्हणजे कधी? तिला फासावर नेतील तेव्हा?”

मग मास्तर उठून बसले. तरीही ‘औषध म्हणून घेतली’ असं लिहा म्हणून अडून बसले. मी लिहिलं नाही. दारू प्यालो, फुटाण्यांशिवाय काही खाल्लं नाही, एवढंच लिहिलं आणि सही घेतली. त्या जबानीच्या जोरावर मक्तेदाराच्या कोठाराची झडती घेतली. पंचांसमक्ष धोतऱ्याच्या बियांचं गाडगं निघालं, आणि ठाण्यात बसवून ठेवलेला त्याचा माणूस गाडगं पाहताच सगळं ओकला. मक्तेदाराला जन्मठेप झाली. खाला सुटली.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण गावानं मास्तरांचा सत्कार केला. शाल, नारळ, सत्यासाठी अब्रू पणाला लावणारा माणूस म्हणून भाषणं. मास्तरांनी शाल खांद्यावर घेतली आणि मान लववली. त्यांच्या पत्नीचं नाव कुणी घेतलं नाही. चूल फोडणाऱ्यांपैकी एकानंही खालाला ती पुन्हा घालायला मातीचं ढेकूळ आणून दिलं नाही.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. गुन्हेगार पकडायला कायदा आहे. आपल्या अब्रूसाठी दुसऱ्याचा जीव जाऊ देणाऱ्याला कुठलंच कलम लागत नाही. मक्तेदारावरचा माझा राग त्याला सजा झाली त्या दिवशी गेला. मास्तरांवरचा अजून गेलेला नाही.

खालानं नवी चूल घातली. गुत्ते दुसऱ्या मक्तेदाराकडे गेले, गस्त पुन्हा सुरू झाली, फुटाणे, अंडी, मासे, सगळं पूर्वीसारखं खपू लागलं. तिच्या चुलीपुढे मात्र कुणी थांबेना. ‘कशाला उगीच,’ एवढंच लोक म्हणत. मी बाजाराच्या दर दिवशी गणवेशात जाऊन भर रस्त्यात, सगळ्यांना दिसेल असा उभा राहून तिचे गोळे खात असे. शेवटी एकदा तिनं माझ्या हातातला रिकामा द्रोण काढून घेतला.

“साहेब,” ती म्हणाली, “तुमी एकटं किती खाणार?”

पुढच्या बाजाराला मी गेलो, तेव्हा ती लेकीला घेऊन भावाकडे कबनूरला निघून गेली होती.